दोन भावंडांमधील दुभाषी : मार्टिन बूबर



पश्चिम आशियातील युद्धाची बातमी आली की आपल्या मंडळ्यांतून आणि प्रार्थनासभांतून एक विधान हटकून कानी पडते. हे भांडण अब्राहामाच्या घरातच सुरू झाले. ते इसहाक व इश्माएल यांचे वैर आहे. चार हजार वर्षे ते चालत आले आहे आणि युगाच्या समाप्तीपर्यंत चालणारच. असे बोलणाऱ्यांच्या भक्तिभावाविषयी मला शंका नाही. परंतु पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम ज्याच्या वाट्याला आले आहे, त्याला उत्पत्तीचे ते अध्याय शब्दाशब्दाने वाचावे लागतात, आणि तसे वाचताना या विधानाचा पाया डळमळू लागतो.

उत्पत्तीच्या २५ व्या अध्यायात अब्राहाम मरण पावतो. त्याला हेब्रोनजवळच्या मकपेलाच्या गुहेत मूठमाती देतात ते कोण? इसहाक आणि इश्माएल, दोघे मिळून. बापाच्या कबरीपाशी शास्त्र या दोघांना एकत्र उभे करते आणि पुढे त्यांच्यात लढाई झाल्याचे कोठेही सांगत नाही. इश्माएल या नावाचा अर्थच मुळी देव ऐकतो असा आहे. अरण्यात तहानेने व्याकूळ झालेल्या त्या मुलाची वाणी देवाने ऐकली, हे २१ व्या अध्यायात आपण वाचतो. वचनाचा वंश इसहाकापासून चालला हे खरे. पण इश्माएल शापित ठरला असे शास्त्र म्हणत नाही. त्यालाही आशीर्वाद आणि बारा सरदार लाभले. पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकणाऱ्यांत अरबही होते, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात नमूद आहे.

मग आज जे रक्त सांडत आहे त्याचे मूळ कोठे शोधावे? या प्रश्नाचा मागोवा घेण्यासाठी मी आपणांस एका मनुष्याच्या जीवनाकडे नेऊ इच्छितो. तो यहूदी होता, तत्त्वज्ञ होता आणि इब्री शास्त्राचा भाषांतरकार होता. त्याचे नाव मार्टिन बूबर.

आईविना वाढलेला मुलगा

मार्टिन बूबर यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८७८ रोजी व्हिएन्ना येथे झाला. ते तीन वर्षांचे असताना आईवडील विभक्त झाले आणि आई घर सोडून गेली. मुलाला आजीआजोबांकडे लेंबर्ग येथे पाठविण्यात आले. तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात असलेले हे शहर आज युक्रेनमध्ये असून ल्विव्ह या नावाने ओळखले जाते. आजोबा सालोमन बूबर हे धनिक होते, आणि यहूदी लोकांचे प्राचीन शास्त्रविवरण जे मिद्राश, त्याच्या हस्तलिखितांचे नामवंत संपादकही होते. नातवाला इब्री भाषेची गोडी त्यांच्याकडूनच लागली. आई परत येणार नाही हे घरातील कोणी वडीलधाऱ्याने मुलाला सांगितले नाही. शेजारच्या थोड्या मोठ्या मुलीने एके दिवशी घराच्या सज्जात उभे असताना ते सांगून टाकले. मनुष्याची मनुष्याशी खरी भेट म्हणजे काय आणि ती हुकते म्हणजे काय, हा बूबर यांच्या साऱ्या चिंतनाचा विषय त्या सज्जात सुरू झाला, असे त्यांनी स्वतः वृद्धापकाळी नोंदविले आहे.

त्यांच्या शाळेतील एक गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. शाळेत बहुसंख्य मुले ख्रिस्ती होती. रोज सकाळी शिक्षक व विद्यार्थी क्रुसाची खूण करून प्रार्थना म्हणत आणि तेवढा वेळ यहूदी मुलांनी खाली पाहत स्तब्ध उभे राहायचे. कोणी त्यांना चिडवीत नसे, कोणी छळीत नसे. तरीही ज्या प्रार्थनेशी आपला काही संबंध नाही तिच्यात पाहुण्यासारखे उभे राहण्याची ती रोजची सक्ती त्यांच्या मनात आयुष्यभर सलत राहिली. पुढे प्रभू येशूविषयी त्यांनी अतिशय आदराने लिहिले. तारुण्यापासून आपण त्याला थोरला भाऊ मानीत आलो, असेही सांगितले. मशीहा म्हणून मात्र त्यांनी त्याचा स्वीकार केला नाही. त्यांच्या व आपल्या विश्वासातील हे अंतर मला झाकायचे नाही. ते अंतर राखूनच आपण त्यांच्याकडून शिकू शकतो.

सियोनची हाक

बूबर तरुण होते तो काळ युरोपातील यहूदी लोकांसाठी भयाचा होता. १८८१ मध्ये रशियाच्या झारची हत्या झाल्यावर तेथील यहूदी वस्त्यांवर हल्ल्यांची लाट आली. फ्रान्ससारख्या सुधारलेल्या देशात १८९४ मध्ये ड्रायफस या निरपराध यहूदी लष्करी अधिकाऱ्याला देशद्रोही ठरविण्यात आले. आम्हांला आमचा स्वतःचा देश हवा, या विचाराने थिओडोर हर्झल यांनी १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे पहिली सियोनवादी परिषद भरविली. पुढच्याच वर्षी, वयाच्या विसाव्या वर्षी, बूबर या चळवळीत सामील झाले आणि १९०१ मध्ये हर्झल यांनी चळवळीच्या साप्ताहिकाचे संपादकपद त्यांच्याकडे सोपविले.

परंतु दोघांचे फार काळ जुळले नाही. हर्झल यांची दृष्टी राजकारणाकडे होती: सुलतान, कैसर, मंत्री यांच्या भेटी घेऊन सनद मिळवावी हा त्यांचा मार्ग. बूबर यांना लोकांच्या अंतःकरणाचे नवीकरण प्रथम हवे होते. सियोन हे नाव संदेष्ट्यांनी ज्या अर्थाने घेतले त्या अर्थाने ते घेत. न्याय नसेल तेथे सियोन नाही, हे यशया व मीखा यांचे सांगणे त्यांना अक्षरशः बंधनकारक वाटे. लवकरच ते चळवळीच्या धकाधकीतून बाजूला झाले आणि पूर्व युरोपातील हसिदी यहूदी भक्तांच्या कथा गोळा करण्यात रमले.

हा देश रिकामा नव्हता

वाचकहो, येथे थोडे मागे वळून पाहणे आवश्यक आहे. यहूदी आणि अरब यांचे वैर सनातन आहे असे म्हणणाऱ्यांनी दहाव्या शतकातील सादिया गाओन यांचे स्मरण करावे. या यहूदी पंडिताने इब्री शास्त्राचे अरबी भाषेत भाषांतर केले, कारण त्यांच्या लोकांची बोली अरबी झाली होती. बाराव्या शतकातील थोर यहूदी धर्मपंडित मायमोनिडीस यांनी आपला तत्त्वज्ञानाचा प्रमुख ग्रंथ अरबी भाषेतच लिहिला आणि कैरोत मुसलमान राज्यकर्त्यांच्या दरबारी वैद्यकी केली. मुस्लिम राज्यांत यहूदी व ख्रिस्ती दोघेही दुय्यम प्रजाजन होते, त्यांना वेगळा कर द्यावा लागे, आणि १०६६ मध्ये ग्रॅनाडा येथे झाली तशी यहूदी लोकांची कत्तलही अधूनमधून घडे. हे सर्व मान्य करूनही सांगावे लागते की, यहूदी लोकांना सर्वात क्रूर छळ सोसावा लागला तो आपल्या प्रभूचे नाव घेणाऱ्या युरोपात. १०९६ मध्ये धर्मयुद्धाला निघालेल्या जमावांनी ऱ्हाईन नदीकाठच्या यहूदी वस्त्या कापून काढल्या. १४९२ मध्ये स्पेनच्या कॅथलिक राजाराणीने त्यांना हद्दपार केले, तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळांना आश्रय मिळाला तो तुर्कांच्या साम्राज्यात.

या छळातून सुटण्यासाठी यहूदी लोक पॅलेस्टाईनकडे निघाले, तेव्हा तेथे दुसरे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. आहाद हाआम या यहूदी लेखकाने तो देश पाहून १८९१ मध्येच आपल्या बांधवांना सावध केले होते की, तेथील शेते ओसाड नाहीत आणि तेथील लोक आंधळे नाहीत. थोड्यांनीच ते ऐकले. त्या थोड्यांत बूबर होते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी एकाच भूमीविषयी अनेकांना शब्द दिले. १९१५-१६ मध्ये मक्केच्या शरीफ हुसेन यांच्याशी पत्रव्यवहार करून अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखविली. १९१६ मध्ये फ्रान्सबरोबर तोच प्रदेश वाटून घेण्याचा गुप्त करार केला. आणि २ नोव्हेंबर १९१७ रोजी परराष्ट्रमंत्री बाल्फर यांनी पॅलेस्टाईनमध्ये यहूदी लोकांसाठी राष्ट्रीय निवासस्थान उभारण्यास पाठिंबा जाहीर केला. १९२२ च्या ब्रिटिश जनगणनेत त्या देशाची लोकसंख्या सुमारे ७,५७,००० भरली. त्यांत यहूदी सुमारे ८४,००० होते. बाकी बहुतेक सर्व अरब, आणि त्या अरबांत ख्रिस्ती लोकही हजारोंनी होते. आपण इकडे बसून अरब म्हणजे केवळ मुसलमान असे समजतो, तेव्हा नासरेथ व बेथलेहेम येथे प्रभूची उपासना करीत आलेल्या आपल्या या भावंडांना विसरून जातो.

अरबांची भीती कशाची होती? दूर बैरुतमध्ये राहणारे जमीनदार आपल्या विस्तीर्ण जमिनी यहूदी संस्थांना विकीत आणि त्या कसणाऱ्या कुळांना घरदार सोडावे लागे. आपल्याच देशात आपण अल्पसंख्य होऊ, ही धास्ती त्यातून वाढली. यहूदी लोकांची भीती कशाची होती? जगात कोठेच आपल्याला दार उघडे राहणार नाही, याची. दोन्ही भीती खऱ्या होत्या. मे १९२१ मध्ये याफा येथे दंगल उसळली आणि दोन्ही बाजूंची मिळून नव्वदहून अधिक माणसे मेली.

त्याच वर्षी सप्टेंबरात कार्ल्सबाड येथे बारावी सियोनवादी परिषद भरली. बूबर तेथे एक ठराव घेऊन उभे राहिले. अरब लोकांशी न्याय्य करार करून, कोणावरही वर्चस्व न गाजवता, दोघांनी मिळून तो देश फुलवावा, असा त्याचा आशय होता. ठराव मसुदा समितीकडे गेला. एकेक शब्द बदलत, सौम्य करीत तो परत आला तेव्हा त्यातला प्राण निघून गेला होता. एकमत व्हावे म्हणून बूबर यांनी तो स्वीकारला आणि नंतर त्यांना त्याचा तीव्र पश्चात्ताप झाला. भाषांतर समितीत बसलेल्या कोणालाही ही वेदना समजेल. वाक्य तेच दिसते, पण ज्या शब्दासाठी ते लिहिले होते तोच नाहीसा झालेला असतो.

शास्त्राच्या भाषांतराचे व्रत

१९२३ मध्ये बूबर यांचा 'मी आणि तू' या अर्थाच्या नावाचा छोटासा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव जगभर झाले. माणूस समोरच्याकडे दोन रीतींनी पाहू शकतो, असे ते त्यात सांगतात. एक, वापरण्याजोगी वस्तू म्हणून. दुसरी, ज्याला तू म्हणून हाक मारावी असा सजीव सोबती म्हणून. आणि प्रत्येक खऱ्या तू-मधून सनातन तू-चे, म्हणजे देवाचे, दर्शन घडते.

१९२५ मध्ये एका तरुण प्रकाशकाने त्यांना इब्री शास्त्राचे नवे जर्मन भाषांतर करण्याची विनंती केली. बूबर यांनी अट घातली की आपले मित्र फ्रांझ रोझेनझ्वाइग सोबत असतील तरच हे काम करू. रोझेनझ्वाइग यांना तेव्हा अंग लुळे पाडणाऱ्या असाध्य रोगाने ग्रासले होते. हात चालेना, वाचाही गेली. पत्नीच्या साहाय्याने, एकेक अक्षर खुणेने दाखवीत, ते बूबर यांच्या मसुद्यावर अभिप्राय देत. असे काम चार वर्षे चालले. यशयाच्या ग्रंथापाशी ते पोहोचले असता, डिसेंबर १९२९ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी रोझेनझ्वाइग यांचे निधन झाले आणि बूबर एकटे राहिले.

त्यांची पद्धत वेगळी होती. शास्त्र हे मुळात कानाने ऐकण्यासाठी आहे, म्हणून त्यांनी ओळी श्वासाच्या लयीवर पाडल्या. मूळ इब्रीत एखादा धातू पुनःपुन्हा येत असेल तर तो लेखकाने हेतुपुरस्सर योजलेला आहे असे मानून भाषांतरातही ते एकच धातू राखीत. याचे महत्त्व मला उत्पत्तीच्या २१ व्या अध्यायात कळले. इसहाक या नावाचा धातू हसणे. अब्राहाम हसला, सारा हसली, आणि पुत्राचे नाव हास्यावरून पडले. पुढे नवव्या वचनात इश्माएल जे काही करताना सारेला दिसला, तेथेही तोच हसण्याचा धातू आहे. तो हसत होता, खेळत होता की टवाळी करीत होता? प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी तो इसहाकाबरोबर खेळत होता असा अर्थ घेतला. इतर पुष्कळांनी टवाळी हा अर्थ घेतला. पौलाने गलतीकरांस लिहिताना त्यात छळाची छाया पाहिली, हेही आपण जाणतो. पण तेथे तो नियमशास्त्र व कृपा यांविषयी दृष्टांतरूपाने बोलत आहे, अरब राष्ट्रांविषयी नव्हे. भाषांतरकाराच्या लेखणीतून एक शब्द इकडचा तिकडे झाला की अंगणात खेळणारी दोन भावंडे जन्माचे वैरी होतात. ते वचन समोर आले त्या दिवशी मी बराच वेळ लेखणी खाली ठेवून बसलो होतो.

तीच गोष्ट १६ व्या अध्यायातील बाराव्या वचनाची. इश्माएल आपल्या सर्व भाऊबंदांच्या अल-पने वस्ती करील, असे तेथे आहे. या दोन शब्दांचा साधा अर्थ मुखासमोर. त्यातून कोणी पूर्वेस हा अर्थ काढतात, तर कोणी विरोधात हा. समोर राहणारा शेजारी असतो, तसा शत्रूही असू शकतो. त्याला कोणते रूप मिळावे, हे वचनाने आधीच ठरवून टाकलेले नाही.

हेब्रोनची माती

रोझेनझ्वाइग वारले त्याच वर्षी, ऑगस्ट १९२९ मध्ये, यरुशलेमेतील पश्चिम भिंतीवरील हक्कांच्या वादातून देशभर दंगली भडकल्या. १३३ यहूदी आणि ११६ अरब मरण पावले. एकट्या हेब्रोनमध्ये ६७ यहूदी मारले गेले. ज्या गावात दोघा भावांनी मिळून बापाला पुरले, तेच हे गाव. त्या दिवशी अनेक अरब कुटुंबांनी आपल्या यहूदी शेजाऱ्यांना घरात लपवून त्यांचे प्राण वाचविले, हेही इतिहासात नोंदलेले आहे.

यरुशलेमेत १९२५ मध्ये ब्रित शालोम, म्हणजे शांतीचा करार, या नावाचा छोटा गट स्थापन झाला होता. यहूदी व अरब या दोन्ही राष्ट्रांना समान हक्क देणारे एकच राज्य असावे, असे त्याचे मत होते. जर्मनीतून बूबर त्याच्या पाठीशी होते. दंगलीनंतर बहुसंख्य यहूदी लोकांना हा गट भाबडा वाटू लागला, आणि अरबांत त्याला जोडीदार मिळाले ते अगदी मोजके.

यरुशलेम आणि सेगाव

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. बूबर यांना फ्रँकफर्ट विद्यापीठातील पद सोडावे लागले. पुढे जाहीर भाषणांवरही बंदी आली. तरीही पाच वर्षे ते जर्मनीतच राहून, शाळा-विद्यापीठांतून हाकलल्या गेलेल्या आपल्या बांधवांच्या शिक्षणाचे काम करीत राहिले. मार्च १९३८ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, ते यरुशलेमेस आले आणि इब्री विद्यापीठात सामाजिक तत्त्वज्ञान शिकवू लागले.

देश तेव्हा पेटलेला होता. १९३३ ते १९३६ या काळात दीड लाखांहून अधिक यहूदी निर्वासित तेथे आले. १९३६ मध्ये अरबांचा उठाव सुरू झाला. १९३७ मध्ये ब्रिटिश आयोगाने देशाच्या फाळणीची शिफारस केली.

नोव्हेंबर १९३८ मध्ये महात्मा गांधींनी 'हरिजन'मध्ये यहूदी लोकांविषयी एक लेख लिहिला. तेव्हा गांधीजींचे वास्तव्य वर्ध्याजवळच्या सेगाव येथे होते; हेच गाव पुढे सेवाग्राम झाले. यहूदी लोकांच्या छळाबद्दल गांधीजींनी त्यात मनापासून सहानुभूती व्यक्त केली. परंतु पॅलेस्टाईन हा अरबांचा देश आहे असे सांगून, जर्मनीतील यहूदी लोकांनी तेथेच सत्याग्रह करावा असे सुचविले.

बूबर गांधीजींना फार मानीत. म्हणूनच त्यांना ते शब्द लागले. पुष्कळ दिवस ते उत्तर लिहीत व खोडीत राहिले, कारण आपण केवळ स्वतःच्या लोकांची वकिली तर करीत नाही ना, ही शंका त्यांना सोडीना. अखेर २४ फेब्रुवारी १९३९ ही तारीख घालून त्यांनी पत्र पुरे केले. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या पाठीशी हिंदुस्थान होता, आमच्या पाठीशी कोण आहे, असे त्यांनी विचारले. ज्या छावण्यांत साक्षीदारच उरू देत नाहीत तेथे सत्याग्रह कोणाच्या अंतःकरणाला स्पर्श करील, असेही विचारले. पण पत्राचा गाभा पुढेच आहे. या भूमीवर दोन हक्क आहेत, दोन्ही खरे आहेत, आणि एकाने दुसऱ्याला खोडून काढता येत नाही. म्हणून दोहोंचा मेळ घालण्याचा मार्ग शोधला पाहिजे, असे त्यांनी लिहिले. यरुशलेमेत ते पत्र छापले गेले. सेगावहून उत्तर आले नाही. ते पत्र गांधीजींच्या हाती पडले की नाही, याविषयी अभ्यासकांना शंका आहे.

तुटलेला पूल

ऑगस्ट १९४२ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष यहूदा माग्नेस, समाजसेविका हेन्रिएटा सोल्ड आणि बूबर यांनी इहूद, म्हणजे ऐक्य, ही संघटना काढली. १९४६ मध्ये माग्नेस व बूबर यांनी ब्रिटन-अमेरिकेच्या चौकशी समितीपुढे दोन राष्ट्रांच्या एका राज्याची बाजू मांडली. त्याच वर्षी एक अरब हात पुढे आला. यरुशलेमच्या प्रसिद्ध हुसेनी घराण्यातील फौझी दरवीश अल-हुसेनी यांनी या विचाराच्या यहूदी लोकांशी ११ नोव्हेंबर १९४६ रोजी करार केला. बाराच दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, त्यांच्याच लोकांतील मारेकऱ्यांनी त्यांची हत्या केली.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणी मंजूर केली. नुकतीच स्वतःची फाळणी सोसलेल्या भारताने विरोधी मत दिले. भारताने संघराज्याच्या योजनेला पाठिंबा दिला होता. यहूदी नेत्यांनी फाळणी स्वीकारली, अरब नेत्यांनी नाकारली, आणि युद्ध सुरू झाले. ९ एप्रिल १९४८ रोजी दीर यासीन या अरब गावात यहूदी सशस्त्र गटांनी शंभरच्या आसपास गावकरी मारले. चारच दिवसांनी यरुशलेमेच्या हदासा रुग्णालयाकडे जाणाऱ्या वाहनांच्या ताफ्यावर अरबांनी हल्ला करून डॉक्टर, परिचारिका धरून ७८ जणांना मारले. १४ मे रोजी इस्राएल राष्ट्राची घोषणा झाली. युद्ध संपेपर्यंत सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी अरब निर्वासित झाले. पुढील वर्षांत इराक, येमेन, इजिप्त अशा देशांतून लाखो यहूदी लोकांनाही आपली शतकांची घरे सोडावी लागली.

या इतिहासाचा एक धागा आपल्या मराठी अंगणापर्यंत येतो. कोकणातील बेने इस्राएल, ज्यांना आपण शनिवार तेली म्हणून ओळखत आलो, त्यांच्यापैकी पुष्कळ कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलला गेली. त्यांतील अनेक लोद या शहरी स्थायिक झाली. पेत्राने ऐनेयाला बरे केले तेच हे लोद. जुलै १९४८ मध्ये तेथील हजारो अरबांना बाहेर घालविण्यात आले होते. आपल्या शेजाऱ्यांना घर मिळाले याचा आनंद आणि कोणाचे तरी घर गेले याचे दुःख, ही दोन्ही एकाच वेळी मनात बाळगावी लागतात.

अखेरची वर्षे

बूबर यांनी नव्या राष्ट्राला आपले मानले. पण संदेष्ट्यांचा मापदंड खाली ठेवला नाही. दीर यासीनच्या जागेवर घाईने वसाहत करू नये, निदान काही काळ ती जागा मोकळी राहू द्यावी, असे त्यांनी व काही सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये पंतप्रधान बेन-गुरियन यांना लिहिले. तरीही वसाहत झाली. १९५३ मध्ये अरबांच्या जमिनी ताब्यात घेणाऱ्या कायद्याला त्यांनी विरोध केला. अरब नागरिकांवर लादलेला लष्करी अंमल उठवावा, अशी मागणीही ते करीत राहिले. तो अंमल उठला १९६६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. लाखो यहूदी लोकांच्या संहाराची यंत्रणा चालविणाऱ्या आइखमनला १९६१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, तेव्हा ती अमलात आणू नये असे सांगणाऱ्या थोड्या यहूदी लोकांतही ते होते. त्यांच्यावर आपल्याच लोकांनी कठोर टीका केली.

त्यांच्या विचारात उणीव नव्हती असे मी म्हणत नाही. यहूदी लोकांनी त्या देशात येत राहावे असा त्यांचा आग्रह होता आणि नेमकी त्याचीच अरबांना भीती होती. या गाठीला त्यांच्याजवळही पुरते उत्तर नव्हते. दोन्ही लोकांतील बहुसंख्यांना जे नको होते ते राज्य कसे चालले असते, हेही सांगणे कठीण आहे.

१९६१ मध्ये शास्त्राचे भाषांतर पूर्ण झाले. आरंभापासून ३६ वर्षे लोटली होती. घरी जमलेल्या मित्रांपुढे गेरशोम शोलेम या पंडिताने एक कटू सत्य बोलून दाखविले. ज्या जर्मन यहूदी लोकांसाठी हे भाषांतर आरंभिले, ते वाचक आता या जगात नाहीत, असा त्याचा आशय होता. आपणां भाषांतरकारांना आपले काम एक दिवस कोणाच्या तरी मुखी बसेल ही आशा असते. वाचक संपल्यावरही बूबर यांनी शेवटच्या वचनापर्यंत ते काम निष्ठेने नेले.

१३ जून १९६५ रोजी यरुशलेमेत त्यांचे निधन झाले. अंत्यविधीला राष्ट्रातील मोठमोठे लोक होते. त्यांच्याबरोबर अरब विद्यार्थ्यांच्या संघटनेचे प्रतिनिधीही आले आणि त्यांनी कबरीवर पुष्पचक्र वाहिले. एका पित्याच्या कबरीशी दोन्ही घराण्यांची मुले पुन्हा एकदा एकत्र उभी राहिली.

वाचकहो, आपल्यापुढचा प्रश्न

फेब्रुवारी १९९४ मध्ये, मकपेलाच्या त्याच जागी नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांना एका यहूदी वसाहतवाल्याने गोळ्या घालून ठार केले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्राएलमध्ये सुमारे १,२०० लोक मारले गेले आणि त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये मुलाबाळांसह हजारो-हजारो लोक मरण पावले. या मृतांपुढे उभे राहून, हे इसहाक-इश्माएलाचे वैर आहे, चालायचेच, असे आपण म्हणतो तेव्हा आपण पिलाताप्रमाणे हात धुऊन मोकळे होतो. युरोपातील ख्रिस्ती लोकांनी केलेला यहूदी लोकांचा छळ, साम्राज्यांनी दिलेली परस्परविरोधी वचने, जमिनीवरून उठविलेली कुळे, बंद झालेली दारे, दोन्हीकडच्या शस्त्रधाऱ्यांनी पाडलेले पूल: ही मुळे माणसांनी लावलेली आहेत आणि त्यांना सनावळी आहे. माणसांनी लावलेले माणसांना उपटता येते.

पुढच्या वेळी आपल्या मंडळीत या विषयावर प्रार्थना होईल तेव्हा उत्पत्ती २५ : ९ उघडून मोठ्याने वाचावे, अशी माझी आपणांस विनंती आहे. नंतर दोन्ही घरांतील शोक करणाऱ्यांसाठी, आणि बेथलेहेम, नासरेथ व गाझा येथील आपल्या ख्रिस्ती भावंडांसाठी नावे घेऊन प्रार्थना करावी. हागारेच्या मुलाची वाणी ज्याने अरण्यात ऐकली आणि मोरियाच्या डोंगरावर इसहाकावर उगारलेला हात ज्याने थांबविला, तो देव एकच आहे.